कुलूप एकाचे, नुकसान अनेकांचे

सप्टेंबर २०२५ च्या प्रारंभी जॅग्वार लँड रोव्हर या मोटार कंपनीचे ब्रिटनमधील कारखाने बंद पडले. कामगारांचा संप नव्हता, कच्च्या मालाची टंचाई नव्हती, की वीजही गेली नव्हती. कंपनीच्या संगणकांत परक्यांनी शिरकाव केला होता आणि पुढील हानी टाळण्यासाठी कंपनीने आपली संगणकयंत्रणा स्वतःच बंद केली. उत्पादन सुमारे पाच आठवडे ठप्प राहिले. ही कंपनी २००८ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली होती. परंतु एका कंपनीच्या तोट्याची बातमी एवढ्यापुरतेच या घटनेचे महत्त्व नाही.

सायबर मॉनिटरिंग सेंटर या ब्रिटिश संस्थेच्या अंदाजानुसार या हल्ल्याने त्या देशाच्या अर्थव्यवस्थेचे सुमारे १९० कोटी पौंडांचे नुकसान झाले आणि ५,००० हून अधिक संस्थांना त्याची झळ पोचली. त्यांत सुटे भाग बनविणारे छोटे कारखानदार होते, तसेच विक्रेतेही होते. मोठी कंपनी पाच आठवड्यांचा तोटा सोसू शकते. ज्याच्या गंगाजळीत पुढच्या महिन्याचा पगारही नाही, त्या लघुउद्योजकाने काय करावे? अखेर ब्रिटिश सरकारला १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी देण्याची घोषणा करावी लागली.

प्रश्नाचे मर्म येथेच आहे. धुराड्यातून निघणारा धूर शेजारच्या वस्तीला सोसावा लागतो, पण त्याची नोंद मालकाच्या हिशेबवहीत होत नाही. संगणक-सुरक्षेतील ढिलाईचेही तसेच आहे. मालक स्वतःला जेवढे नुकसान होईल तेवढाच विचार करून खर्च करतो. इतरांचे नुकसान त्याच्या गणितात येत नाही. त्यामुळे समाजाला हवी तेवढी सुरक्षा बाजारपेठेत आपोआप निर्माण होत नाही.

हा खर्च अनुत्पादक आहे, असा आक्षेप घेतला जातो. नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीचा अनुभव त्याला उत्तर देतो. ४० देशांत सुमारे ३५,००० कर्मचारी असलेल्या या कंपनीवर मार्च २०१९ मध्ये हल्ला झाला. त्याचे मूळ विश्वासातील ग्राहकाकडून आलेल्या ई-मेलमध्ये होते. कंपनीने खंडणी देण्याचे साफ नाकारले. माहितीच्या वेगळ्या जपून ठेवलेल्या प्रतींवरून यंत्रणा पुन्हा उभारली गेली. तोपर्यंत जाणत्या कामगारांनी कागदावरील नोंदींच्या आधारे अनेक ठिकाणी हाताने काम चालू ठेवले. घडले ते कंपनीने जगापासून लपविलेही नाही. सुमारे ७ कोटी डॉलरचे नुकसान झाले, पण कंपनी कोणापुढे वाकली नाही.

या अनुभवातील बोध असा, की केवळ महागडी उपकरणे घेऊन भागत नाही. माहितीच्या प्रती अलग ठेवणे, कार्यालयातील संगणक व यंत्रे चालविणारे संगणक यांची जाळी परस्परांपासून तोडणे, संगणकावाचून काम चालविण्याचा सराव ठेवणे, हे मुख्यतः शिस्तीचे काम आहे. एका कारकुनाने नको ते पत्र उघडताच कारखाना बंद पडत असेल, तर दोष त्या कारकुनाचा नव्हे. एका चुकीच्या भरवशावर सारा डोलारा उभा करणाऱ्या व्यवस्थापनाचा होय.

हे संकट दूरदेशीचे नाही. जून २०१७ मधील नोटपेट्या हल्ल्याने न्हावा शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या धक्क्याचे काम विस्कळीत केले होते. अशा घटनांची वर्दी सहा तासांत देण्याचे बंधन केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये घातले. पण वर्दी दिल्याने आग विझत नाही. चाकण-भोसरीच्या छोट्या कारखानदाराकडून मोठी कंपनी प्रत्येक सुट्या भागाच्या दर्जाची हमी घेते. त्याच्या संगणकाच्या सुरक्षेची चौकशीही तिने करावी आणि तीसाठी येणारा खर्च मालाच्या दरात मान्य करावा. नुसत्या अटी लादल्याने ओझे दुर्बळाच्या खांद्यावर जाईल, एवढेच.

औद्योगिक वसाहतीत अग्निशमन दल सर्वांसाठी मिळून असते, कारण आग कुंपण ओळखत नाही. संगणकाच्या जाळ्यातून पसरणारी आगही ते ओळखत नाही. वसाहतीतील उद्योजक-संघटनांनी सामाईक तज्ज्ञ नेमावेत, सरकारने त्यांना साह्य द्यावे. घर पेटल्यावर विहीर खणायला निघणे उद्योगधंद्यालाही परवडणारे नाही.