ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू होते, तशी वस्तीत तापाची साथही सुरू होते. घरोघर फिरताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते, "ताई, ताप उतरला, आता बरं आहे." डेंग्यूत नेमकी इथेच फसगत होते.

डेंग्यूचा ताप एकाएकी चढतो. डोके, डोळ्यांच्या मागे, सांधे ठणकतात, मळमळते, कधी अंगावर पुरळ येते. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो. रोजंदारी बुडते म्हणून माणूस कामावर जातो. पण त्यापुढचे 24 ते 48 तास सर्वांत धोक्याचे. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, गार हातपाय, कमी लघवी, ग्लानी, यातले एकही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा. सकाळ व्हायची वाट पाहू नका.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. रक्तस्राव वाढू शकतो. "एक इंजेक्शन मारा, कामावर जायचंय" हा हट्ट जिवावर बेततो. पाणी, ओआरएस, पेज, ताक देत राहा.

"तुमच्या वस्त्या घाण, म्हणून डेंग्यू," असे आपल्याला ऐकवले जाते. हे आम्हाला मान्य नाही. डेंग्यूचा एडिस डास सहसा गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. बंगल्यातल्या कुंडीखालच्या ताटलीतही तो होतो. आपल्या घरी पिंपे भरलेली असतात, कारण नळाला रोज पाणी येत नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तो लढा माणूस म्हणून समान हक्काचा होता. रोजचे पाणी मागणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

तोवर आपल्या हातातले आपण करू. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून दर रविवारी वंदना झाली की पिंप, हंडे, कूलर रिकामे करा. अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून चालत नाही. आतून घासा, वाळवा, मग भरून घट्ट झाका.

पिंप आपण घासू. पण रोजच्या पाण्याचा अर्जही विहारात बसून लिहू, घराघरातून सह्या घेऊ आणि वॉर्ड कार्यालयात सगळे मिळून नेऊ.

जय भीम!