शहापूरचे पाणी, मुंबईचे गटार

ज्या शहापूर तालुक्याने भातसा आणि तानसा ही धरणे अंगाखांद्यावर वागवली, त्याच तालुक्यातल्या बायाबापड्या वैशाखात हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे तेथले रोजचे बोलणे आहे. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे. मुंबई रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी घेते, एकदाच वापरते आणि त्यातले बहुतेक गटारात सोडते. वरळी-वांद्र्याचा मैला तर वर्षानुवर्षे नुसता चाळून, तीन किलोमीटरहून लांब बोगद्यांतून समुद्रात लोटला गेला.

आता पाणी अपुरे पडते म्हणून पालिकेने दोन उपाय काढले आहेत. रोज ४४ कोटी लिटरसाठी गारगाई नदीवर धरण बांधून पालघरमधल्या वाडा भागातली आदिवासींची गावे आणि जंगल बुडवायचे. आणि मनोरीला समुद्राचे २० कोटी लिटर पाणी गोडे करायचे, तेही हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज जाळून. ज्या समुद्रात आपणच घाण ओतली, तोच गाळून प्यायचा! सांडपाणी याहून कितीतरी कमी विजेत शुद्ध होते. नामिबियातले विंडहुक शहर १९६८ पासून ते पिण्यासाठी वापरते, सिंगापूर २००३ पासून त्यावर कारखाने चालवते. चेन्नईनेही २०१९ मध्ये साडेचार कोटी लिटरचे दोन प्रकल्प उभारून कारखान्यांची तहान भागवली. हे आमच्या धुरीणांना ठाऊक नाही, असे कोण म्हणेल?

ठाऊक आहे, पण गरज वाटत नाही. दुरून येणारे पाणी स्वस्त भासते, कारण त्याची किंमत दुसराच मोजतो. पर्यावरणाच्या परिषदांत थेंबाथेंबाचे स्तोत्र गाणारे, पावसाळी पाणी साठवण्याची सक्ती २००२ पासून कागदावर मिरवणारे, आणि त्याच तोंडाने पिण्याजोग्या पाण्याने बागा शिंपणारे व मोटारी धुणारे हे शहाणे एक हिशेब मात्र पक्का जाणतात: शहापूर-वाड्याच्या मतांवर मुंबईचा महापौर ठरत नाही.

२०२३ मध्ये मुंबईत सात मैलाशुद्धी केंद्रांचे भूमिपूजन झाले. क्षमता रोज सुमारे २४६ कोटी लिटर, म्हणजे साडेपाच गारगाई! ते पाणी कोणत्या कारखान्याला, कोणत्या बांधकामाला, कोणत्या उद्यानाला जाणार हे आधी जाहीर करा, त्यासाठी वेगळे नळ घाला आणि त्यातला थेंब न् थेंब कामी लावून दाखवा. तोवर गारगाईच्या झाडाला कुऱ्हाड लावण्याचा अधिकार या पालिकेला नाही. तो तिने गटारात घालवला आहे.