गार्ड आणि जागल

काही इंग्रजी शब्द आपल्या घरी पाहुणे म्हणून आले आणि पाटावर ऐसपैस बसून राहिले. ‘गार्ड’ हा त्यांतलाच. सायकलीला मडगार्ड, पुढाऱ्याला बॉडीगार्ड, बंदोबस्ताला होमगार्ड, बँकेच्या दारात बंदूक मांडीवर घेऊन पेंगणारा तोही गार्डच. क्रिकेटचा फलंदाजसुद्धा पंचाला विचारून ‘गार्ड’ घेतो. पुढच्याच चेंडूला त्याच्या यष्ट्या उडतात, ही गोष्ट वेगळी.

इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांनी जर्मानिक टोळ्यांकडून. मुळात अर्थ एवढाच, की लक्ष ठेवणे. इस्पितळातला ‘वॉर्ड’ आणि वसतिगृहाचा ‘वॉर्डन’ ही त्याची सख्खी भावंडे. आपल्याकडे फिरंगी पलटणींबरोबर त्याची ‘गारद’ झाली आणि कवायती शिपाई ‘गारदी’ झाले. ज्यांच्या नावातच पहारा, त्यांनीच ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना ठार केले. ‘गारद करणे’ हा वाक्प्रचार यावरूनच निघाला, असे कोणी ठासून सांगितले तर मात्र लगेच मान डोलावू नका. नाश या अर्थाचा अरबी ‘गारत’ त्यामागे असावा.

यवतमाळकरांना गार्ड म्हटला की आधी आठवते ती ‘शकुंतला’. कापूस वाहण्यासाठी विलायती कंपनीने टाकलेली, मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. १९९४ पर्यंत ती वाफेवर चाले आणि पुढे पुढे माणसे इतकी कमी झाली की तिकिटे देण्याचे कामही गार्डकडेच येई. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गार्डचे ‘ट्रेन मॅनेजर’ केले. शकुंतला त्याआधीच थांबली होती, त्यामुळे तिचा गार्ड शेवटपर्यंत गार्डच राहिला. बरे झाले म्हणायचे!

दुसरा गार्ड जंगलातला. कागदोपत्री तो ‘वनरक्षक’. पांढरकवड्याच्या बाजूला टिपेश्वर अभयारण्य आहे. त्याच तालुक्यात आणि शेजारच्या राळेगावात ‘टी-१’ किंवा ‘अवनी’ या वाघिणीची दहशत होती. तेरा बळींचा ठपका तिच्यावर आला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. तोवर तिकडचे लोक एकटेदुकटे शेतात जायला धजत नसत. आणि न जाऊन करावे काय? रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवतात.

म्हणून तिकडे ‘जागल’ असते. मचाणावर शेकोटीच्या आधाराने रात्र काढायची, अधूनमधून डबा बडवायचा, हाळी द्यायची. शब्द बघा कसा नेमका आहे! गार्ड पगारावर नेमता येतो, जागल स्वतः जागूनच करावी लागते. इंग्रजीतल्या ‘वॉचमन’चे मूळही जागण्यातच आहे, हे आपल्या सोसायटीच्या वॉचमनला सांगू नका.

रात्री जनावरांपासून जागल झाली, तरी दिवसा किडीपासून पीक राखायचे राहतेच. त्याला सरकारी मराठीत ‘पीक संरक्षण’ म्हणतात. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस याच जिल्ह्यात हे संरक्षण करता करता वीसांहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरले की उडालेले तुषार नाकातोंडावर, डोळ्यांवर आणि घामाने भिजलेल्या अंगावर यायचे. कातडीतूनही विष भिनते. अनेकांच्या अंगावर साधा सदरा होता आणि तोंडाला फार तर दुपट्टा. पिकाला गार्ड होता, माणसाला नव्हता.

त्यानंतर चष्मा, हातमोजे आणि तोंडावरचा मास्क असे संच वाटले गेले. पण आश्विनातल्या उन्हात, वारा नसलेल्या पऱ्हाटीत, ते सगळे अंगावर चढवून पंपाचे ओझे दिवसभर वागवायचे म्हणजे जीव गुदमरतो. तासाभराने मास्क गळ्यात येतो, दुपारी हातमोजे धुऱ्यावर पडतात. मजुरी तर जेवढे पंप मारले तेवढीच मिळते.