रबराचा वास आणि मुलांचा श्वास

उन्हाळ्याच्या सुट्टीत गो-कार्टवर दहा मिनिटे फिरून आलेले मूल पुन्हा जायचा हट्ट धरते. बहुतेकांची हौस दोन-चार खेपांत भागते; काहींची भागत नाही. ती मुले प्रशिक्षण घेतात, शर्यतीत उतरतात. महाराष्ट्रालाही हे नवे नाही. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. या खेळात अगदी लहान मुलांसाठीही वेगळा गट असतो. अशा मुलांचे पालक हेल्मेट चार दुकाने फिरून घेतात, हातमोजे आणि बूट पारखून घेतात. टायर मात्र मेकॅनिकवर सोपवून मोकळे होतात. टायर कोणता घ्यायचा, कसा बसवायचा आणि कुठे ठेवायचा हा त्यांना केवळ वेगाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो मुलांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

शर्यतीच्या कार्टला मोटारीसारखे सस्पेन्शन नसते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर पक्की बसवलेली असतात, त्यामुळे वळणावर दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरता येत नाही. वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले जावे, अशीच कार्टची रचना असते. जमिनीचा धक्का पेलणारे एक महत्त्वाचे साधन म्हणजे टायर. पाच इंची रिमवर बसणारा हा कोरड्या ट्रॅकवरचा टायर गुळगुळीत, नक्षी नसलेला असतो. त्याची पकड ठरते ती रबराच्या मऊपणावर, तापमानावर आणि आतल्या हवेच्या दाबावर.

टायर जितका मऊ तितका चांगला, हा यातला पहिला गैरसमज. मऊ रबर जमिनीला अधिक चिकटते, वळणावर वेग अधिक ठेवता येतो. पण तो अधिकचा जोर कुठेतरी पेलावा लागतो आणि पेलणारे असते चालकाचे शरीर. वेगवान कार्ट वळणावर शरीरावर बाजूने जो जोर टाकते, तो शरीराच्या वजनाच्या दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. बरगड्या आसनाच्या कडेवर दाबल्या जातात, हेल्मेटचे वजन मान पेलते. बरगड्यांच्या दुखापती या खेळात इतक्या नेहमीच्या आहेत की त्यासाठी खास कवच वापरले जाते. पकड गरजेपेक्षा जास्त झाली, तर कार्ट वळणावर उड्या मारू लागते, प्रसंगी दोन चाकांवर जाते. म्हणूनच लहान मुलांच्या गटांत सहसा कडक रबराचा टायर ठरवून दिलेला असतो. तो स्वस्त पडतो आणि जास्त टिकतो हे खरेच. पण नऊ वर्षांच्या मानेला झेपेल एवढीच पकड तो देतो, हे अधिक महत्त्वाचे. ‘वरच्या गटाचा टायर लावून सराव करू द्या’ असे सांगणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. रबर वापराने आणि वयाने कडक होत जाते. प्रत्येक फेरीत ते तापते आणि निवते, त्यातली तेले कमी होतात, हवेतल्या प्राणवायूशी त्याची रासायनिक क्रिया चालूच राहते. मग कडक झालेला टायर पुन्हा मऊ करण्यासाठी त्यावर रसायन चोपडण्याची युक्ती निघते. जगभरच्या कार्टिंगला हा रोग जुना आहे. टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावणे रबरात शिरतात, रबर फुगते आणि काही काळ मऊ होते. ते द्रावण उडून गेले की टायर अनेकदा पूर्वीपेक्षा निकृष्ट होतो, कारण जाताना ते रबरातली तेलेही ओढून नेते. म्हणजे मिळालेली पकड ही उधारीची असते.

या उधारीचे व्याज शरीर भरते. टोल्युइन हा रंगाच्या थिनरमध्ये सर्रास असणारा पदार्थ. त्याच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. दीर्घकाळ संपर्क राहिला तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. ते श्वासातून तर जातेच, काही प्रमाणात त्वचेतूनही शिरते. शिवाय ते कानालाही घातक आहे. टोल्युइनची वाफ आणि मोठा आवाज एकत्र आले, तर श्रवणशक्तीची हानी दोन्हींच्या वेगवेगळ्या हानीच्या बेरजेहून अधिक होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. कार्टच्या पिटमध्ये इंजिनांचा आवाज दिवसभर असतोच. त्याच ठिकाणी वाफ सोडणारे टायर रचून ठेवणे आणि त्यांच्याशेजारी मुलाला डबा खायला बसवणे, यातला धोका वेगळा सांगायला नको. मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा श्वासात घेतात, त्यामुळे तेवढ्याच वाफेचा त्यांच्यावरचा भार जास्त असतो.

‘नैसर्गिक’ म्हणून वापरले जाणारे विंटरग्रीन तेलही निरुपद्रवी नाही. दुखऱ्या सांध्यांवर लावायच्या मलमांचा ओळखीचा वास ज्याच्यामुळे येतो, ते मिथाइल सॅलिसिलेट हाच त्यातला मुख्य घटक. हे शुद्ध तेल चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेले तर त्यातले सॅलिसिलेट ऍस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांएवढे भरते. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढे पुरते. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून, चिठ्ठी न लावता पिटमध्ये ठेवलेले असे तेल म्हणजे अपघाताला आमंत्रण.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या कार्टिंग नियमांत टायरवर कोणतेही रसायन लावण्यास मनाई आहे, टायर तापवण्यासही आहे. टायरमधून बाहेर पडणारी वाफ मोजणारे हातात धरायचे उपकरण तिथे तपासणीसाठी वापरले जाते. हा नियम खेळातली बरोबरी राखण्यासाठी असला, तरी तो मुलांच्या फुप्फुसांचेही रक्षण करतो. मात्र उपकरण पकडते ते स्पर्धेच्या दिवशी. सरावाच्या दिवशी, घरच्या गॅरेजमध्ये तपासणारे कोणी नसते. तिथे जबाबदारी पालकांची आणि प्रशिक्षकांची.

टायर बसवण्याचे काम दिसते सोपे. टायर लहान, हवाही थोडीच लागते. ट्रॅकवर धावताना आत साधारण १० पौंडांच्या आसपास हवा असते. पण टायरची कड रिमच्या खाचेत ‘टक्’ आवाज करून बसावी म्हणून सुरुवातीला दाब बराच वर न्यावा लागतो. ४० पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचावर १८ किलोचा जोर. हाताच्या पंजाएवढ्या २० चौरस इंच जागेवर तो साडेतीनशे किलोहून अधिक होतो. अशा वेळी कड फाटली किंवा रिमला तडा असला, तर तोंडासमोर स्फोटच होतो. म्हणून टायर व रिमवर दाबाची जी कमाल मर्यादा दिली आहे, ती ओलांडायची नाही. कडेला साबणाचे पाणी लावायचे, हवा थोडी थोडी भरायची, चेहरा आणि बोटे बाजूला ठेवायची, डोळ्यांवर चष्मा लावायचा. दोन भाग बोल्टने जोडलेल्या रिमचे बोल्ट, सगळी हवा काढल्याशिवाय सैल करायचे नाहीत. पेट्रोल शिंपडून पेटवून कड बसवण्याची रस्त्याकडेची करामत तर मुलांना बघायलाही उभे करू नये.

हवेचे गणितही आपल्या हवामानात काळजीने करावे लागते. सकाळी २० अंश तापमानात १० पौंड हवा भरली आणि दुपारी पारा ३८ वर गेला, तर कार्ट जागची न हलताही दाब साडेअकरा पौंडांच्या आसपास जातो. मग धावून टायर ७० अंशांपर्यंत तापला की तो पंधरा पौंडांकडे झुकतो. पकड बदलते, वळणावरची वागणूक बदलते. सकाळी ओळखीची वाटलेली कार्ट दुपारी मुलाला अनोळखी होते. म्हणून प्रत्येक फेरीआधी दाब मोजणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

राहिला प्रश्न साठवणुकीचा. तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला टायर न वापरताच म्हातारा होतो, तो यामुळे. ऊन आणि ओझोन हे रबराचे आणखी दोन शत्रू. विजेच्या मोटारी, कंप्रेसर, वेल्डिंग यांच्याजवळ ओझोन तयार होतो आणि ताणलेल्या रबराला तो भेगा पाडतो. म्हणून टायर घरातल्या थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. रिमवर असेल तर हवा कमी करावी. पेट्रोल आणि थिनरपासून दूर ठेवावा. नीट ठेवलेला टायर अधिक काळ मऊ राहतो आणि मग रसायनाचा मोहच होत नाही. स्वस्तातला, कायदेशीर आणि बिनविषारी उपाय हाच.

मोहाचे मूळ पैशात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नवे टायर महाग असतात आणि ज्याचे पालक दर फेरीला नवे टायर देऊ शकतात, त्याच्याशी बाकीच्यांची मुले झुंजत असतात. गवंडीकाम करणाऱ्या वडिलांचा मुलगा मायकेल शुमाखर लहानपणी इतरांनी टाकून दिलेल्या टायरांवर धावत असे. पण प्रत्येक मूल शुमाखर नसते, म्हणून नियमच समतोल हवेत. लहान गटांसाठी कडक रबर आणि हंगामाला टायरांची ठरावीक संख्या. सरावातही वाफेची तपासणी. पिटमध्ये द्रावणांना बंदी. टायर बसवण्यासाठी वेगळी जागा आणि तिथे मुलांना मज्जाव. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. आयोजकांनी हे करावे आणि पालकांनी ते मागावे.

पिटमध्ये टायरला थिनरचा किंवा मलमाचा वास आला, तर पालकांनी तो विजयाचा वास समजू नये. मुलाला तिथून बाजूला घ्यावे आणि टायरला काय लावले आहे, हे विचारावे. एका शर्यतीतल्या दोन-तीन दशांश सेकंदांसाठी मुलाचे कान आणि मज्जासंस्था पणाला लावणे, हा कोणत्याही खेळातला फायद्याचा सौदा नाही.