अनुस्वार की शिंतोडा?

परप्रांतातील आमच्या महाराष्ट्र मंडळांत एखादे गूढनाट्य ठरले, की त्याच्या जाहिरातीवर अलीकडे एकाच जातीची अक्षरे वारंवार दिसतात. कडा फाटलेल्या, शिरोरेषा कुरतडलेली, खाली शाईचे ओघळ, सभोवार शिंतोडे. ती कोणी चितारलेली नसतात. इंग्रजी भुताखेतांच्या चित्रांवरील रोमन वळणांचा देवनागरी अवतार संगणकात तयार मिळतो. त्यास फाँट म्हणतात. या फाँटास आमचा विरोध आहे, आणि तो सोवळेपणाचा नव्हे. भयनाट्याचे नाव भयानक दिसावे, हे आम्हांसही मान्य आहे.

परंतु रोमन अक्षरावर उडालेला शिंतोडा बहुधा शिंतोडाच राहतो. आपल्या लिपीत तो अक्षराचा भाग होऊन बसतो. शिरोरेषेवर पडला, की अनुस्वार. 'वश'चा 'वंश' झाला! १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हापासून उरलेले प्रत्येक टिंब अर्थाचे धनी आहे. खाली पडलेल्या थेंबाकडे मराठी वाचक एकवेळ दुर्लक्ष करील. पण ज्या हिंदी मुलखात आपण नोकरीनिमित्त राहतो, तेथील शेजारी त्यास नुक्ता समजतो आणि 'राज'चे 'राज़', म्हणजे राज्याचे रहस्य, करून मोकळा होतो. शिरोरेषेची गोष्ट याहून नाजूक. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांची ओळख बव्हंशी डोक्यावरच्या एका फटीवर अवलंबून. रेषा कुरतडली, की 'घन'चे 'धन' होते. उलट 'भूत' शब्दातील फट शाईने बुजली, तर जो शब्द उरतो तो या पानावर छापणे प्रशस्त नव्हे.

शिवाय तयार अक्षरांतील ओघळही तयारच. 'भयभीत' लिहून पाहा. दोन्ही 'भ'च्या पायाशी तोच थेंब, त्याच लांबीचा, त्याच बाकाचा. असल्या शिस्तबद्ध थेंबाचे भय कोणास वाटावे? एका अक्षराची तीन-चार रूपे संचात ठेवून ती आळीपाळीने आणण्याची सोय संगणकात आहे, हे आम्ही जाणतो. पण जोडाक्षरांसह शेकडो आकृत्या मागणाऱ्या लिपीसाठी तेवढे श्रम कोण घेतो?

"हाताने लिहावयास वेळ कोणाला आहे?" हा कार्यवाहांचा ठरलेला प्रश्न. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची नावे एकेक करून हातांनी घडविली. मंडळाच्या नाटकाच्या नावात अक्षरे असतात पाच-सहा. जुना कुंचला, शाई आणि खरखरीत कागद एवढ्या भांडवलावर एखाद्या सभासदाची चित्रकलेत रमणारी कन्या ती एका संध्याकाळी लिहील. कोरडा कुंचला झरकन ओढला, की कडा आपोआप फाटतात. आणि थेंब कोठे पडू द्यावयाचा नाही, हे मराठी वाचणाऱ्या हातास सांगावे लागत नाही.

मसुद्यातील एका अनुस्वारासाठी नस्ती परत पाठविणारे आमचे वाचक या मंडळांच्या कार्यकारिणीवरही बसतात. पुढील जाहिरात संमतीसाठी समोर येईल, तेव्हा त्यांनी कचेरीतील तीच लाल पेन्सिल घरीही काढावी.