लांडगा बघणाऱ्यांनो, मेंढीचे पैसे कोण देणार?



माझे मूळ गाव कळंब. यवतमाळचे नव्हे, धाराशिवचेही नव्हे, वसईच्या किनाऱ्यावरचे. तिथे लांडगा नाही. तिथे शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात, सुरूच्या झाडांखाली बसतात, समुद्राचे फोटो काढतात. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, पण खोली, जेवण आणि गाडी लावायची जागा गावकऱ्याची. म्हणून दोन पैसे गावात राहतात. कचराही गावातच राहतो, ते सोडा.

शेतकीची पदवी घेऊन मी कोरडवाहू मुलखात आलो, आणि पहिला लांडगा पाहिला तो ज्वारीच्या धसकटात. पहाटेची वेळ. गाडीवाटेने तो आला, आमच्याकडे एकदा बघितले आणि घाई न करता पडीक रानाकडे निघून गेला. बरोबरच्या मेंढपाळाने दगड उचलला नाही, शिवी दिली नाही. "रात्री एक कोकरू नेलं," एवढेच म्हणाला आणि वाघर गुंडाळायला लागला.

आता याच माळांवर कॅमेरेवाले येतात. 2024 साली पुणे वनविभागाने बारामतीजवळ शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडी येथे गवताळ रानाची सफारी सुरू केली. लांडगा, तरस, चिंकारा बघायला लोक पैसे भरून येतात. येऊ द्या. ज्या माळाला सरकारी कागदावर आजवर 'पडीक' म्हटले, तो बघायला कुणी पैसे मोजतो हे चांगलेच आहे.

माझा सवाल एवढाच आहे, की हा लांडगा पोसला कुणी? 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशात सुमारे 3,100 लांडगे असल्याचा अंदाज दिला. यातले बहुतेक अभयारण्यांच्या बाहेर राहतात, म्हणजे तुमच्या बांधावर, गायरानात, मेंढरांच्या मागे. जिथे काळवीट उरले नाही तिथे लांडगा जगतो तो शेळ्या-मेंढ्यांवर. प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्याच्या मांसाचे बिल प्राणिसंग्रहालय भरते. माळावरच्या लांडग्याचे बिल धनगर भरतो. त्याच धनगराची मेंढरे तुमच्या रानात बसतात, लेंडीखत टाकतात; त्याचा तोटा आपल्यापासून फार लांबचा नाही.

वनखात्याची भरपाई आहे की, असे कुणी म्हणेल. आहे. पण पंचनाम्याला मेलेले जनावर लागते, आणि लांडगा कोकरू उचलून नेतो तेव्हा मागे चार थेंब रक्तच राहते. मेंढपाळ तिसऱ्या दिवशी पुढच्या गावाला. मी स्वतः एकाबरोबर एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला त्याने विचारले, "साहेब, यापरीस दुसरं कोकरू नसतं का वाढवलं?"

अमेरिकेत यलोस्टोन उद्यानात 1995 साली कॅनडातून लांडगे आणून सोडले. पण त्याच्या आधी, 1987 पासूनच, लांडगेप्रेमींच्या एका संस्थेने वर्गणीच्या पैशातून त्या भागातल्या पशुपालकांना भरपाई द्यायला सुरुवात केली होती. पुढे लांडगे बघायला येणारे पाहुणे आसपासच्या तीन राज्यांत वर्षाला साडेतीन कोटी डॉलर खर्च करतात, असा हिशेब तिथल्या अभ्यासकांनी मांडला. तिथलाही पशुपालक खूष आहे असे नाही. पण ज्याला लांडगा हवा त्याने आधी खिशात हात घातला, हे खरे.

आता आपल्याला न रुचणारे. मेलेल्या मेंढीत विष भरणे, गुहेत धूर करून पिल्ले मारणे हे आपल्याच भागात होते, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. कायद्याचे सोडा, 1972 च्या कायद्याने लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. पण ते विष गावची कुत्री खातात, घारी खातात. हे बंद झाले पाहिजे. लांडगा हरणे खाऊन तुमचे पीक राखील असे मात्र मी सांगणार नाही. तेवढे लांडगे उरलेले नाहीत.

शेतकरी गुहा का लपवतो, हेही बघणाऱ्यांनी समजून घ्यावे. 1979 साली सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. गावेच्या गावे त्यात गेली. ते कमी करून सुमारे 1,222 वर यायला 2012 साल उजाडले. ज्याने हे पाहिले, त्याला लांडग्याच्या फोटोत सातबाऱ्यावरचा शेरा दिसतो.

म्हणून माझे मत असे. सफारीच्या तिकिटातला ठरलेला वाटा गावाच्या आणि मेंढपाळांच्या हाती असलेल्या निधीत जावा, आणि त्यातून दोन शेजाऱ्यांच्या साक्षीवर आठवड्यात पैसे मिळावेत. वाटाड्या गावचा असावा. उभ्या पिकात गाडी घालणाऱ्याचे बुकिंग रद्द व्हावे. पिल्ले लहान असतात त्या थंडीच्या महिन्यांत गुहेजवळ कॅमेरा नको, आणि गुहेचा ठावठिकाणा कुणी छापू नये.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या वर्षात कुणाची किती शेळ्या-मेंढरे गेली ते तारखेसह वहीत लिहून आणा. पंचनामा झाला नसेल तरी लिहा. आपल्या शिवारात पाल टाकून असलेल्या मेंढपाळालाही विचारा. बैठकीचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही.