धोक्याची माहिती हा कामगाराचा हक्क

रायपूरला लागून असलेल्या सिलतरा औद्योगिक क्षेत्रात 26 सप्टेंबर 2025 रोजी गोदावरी पॉवर अँड इस्पात या कारखान्याच्या पेलेट विभागात देखभालीचे काम चालू असता बांधकामाचा भाग कोसळला आणि 6 जणांचा बळी गेला. अशा प्रसंगांना 'अपघात' असे नाव देऊन ते विस्मृतीत ढकलण्याची रीतच पडून गेली आहे. परंतु रायपूर, दुर्ग, रायगढ या पट्ट्यातील गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडला, तर या मृत्यूंचे खापर नशिबावर फोडता येणार नाही, हे कोणाही विचारी माणसाच्या ध्यानात येईल.

भिलाई पोलाद कारखान्यात 12 जून 2014 रोजी पाणीपुरवठ्यात बिघाड झाला, कार्बन मोनॉक्साईड वायू पंपगृहात शिरला आणि 6 जण मृत्युमुखी पडले. त्यांत उपमहाव्यवस्थापक दर्जाचे दोन अधिकारीही होते. त्याच कारखान्यात 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना स्फोट व आग होऊन त्याच दिवशी 9 जण दगावले. पुढे रुग्णालयात ही संख्या वाढत गेली. मृतांमध्ये अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. मे 2020 मध्ये रायगढ जिल्ह्यातील एका कागद गिरणीत टाकी साफ करणारे 7 कामगार विषारी वायूने अत्यवस्थ झाले. या घटनांची तांत्रिक कारणे भिन्न आहेत. पण एक गोष्ट सर्वांत समान आहे. नेहमीचे उत्पादन सुरळीत चालू असता नव्हे, तर बिघाड, दुरुस्ती आणि सफाई यांच्या वेळी मृत्यूने घाला घातला.

आणि नेमकी हीच कामे आज कंत्राटी मजुरांकडे सोपविली जातात. भट्टी बंद झाली की ठेकेदार माणसे गोळा करून आणतो. त्यांत छत्तीसगडच्या खेड्यांतील शेतमजूर असतात, बिहार, झारखंड आणि ओडिशातून आलेले असतात. कालपर्यंत दुसऱ्याच कारखान्यात राबणाऱ्या या माणसाला टाकीत काय साठले होते, नळातून कोणता वायू वाहतो, झडप कोणी बंद केली, याची सुतराम कल्पना नसते. ज्याला सर्वांत अधिक माहिती हवी, त्यालाच सर्वांत कमी माहिती देण्याची ही व्यवस्था आहे. ती अनवधानाने निर्माण झालेली नाही. प्रशिक्षणात गेलेला दिवस हा मालकाच्या हिशेबात वाया गेलेला दिवस असतो, आणि उद्या निघून जाणाऱ्या मजुरावर तो दिवस खर्च करण्याची त्याची तयारी नसते.

उरला आणि सिलतरा येथील उद्योगांचे स्वरूप पाहिले, म्हणजे या माहितीची किंमत कळते. स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीत लोहखनिज व कोळसा एकत्र तापवतात, आणि कोळशापासून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साईडच खनिजातील प्राणवायू ओढून घेतो. अर्थात हा विषारी वायू तेथे चुकून उद्भवत नाही. सारे उत्पादनच त्याच्यावर चालते. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, पाय लटके पडणे ही त्याची पहिली लक्षणे. भट्टीपाशी राबणारा मजूर ती थकव्याची किंवा उन्हाची समजून सोडून देतो. तोंडाला बांधलेला गमछा किंवा धुळीचा मास्क या वायूला अडवू शकत नाही. पहिला माणूस कोसळला की त्याला वाचवायला दुसरा धावतो आणि तोही त्याच्या शेजारी पडतो. श्वसनसंचाशिवाय आत जायचे नाही, आधी वायुमापक यंत्राने हवा तपासायची, बाहेर दोर धरून माणूस उभा ठेवायचा, एवढे तीन नियम अंगवळणी पडले असते तर कित्येक घरांतले कर्ते पुरुष आज जिवंत असते.

इतर धोकेही असेच शिकवून कळणारे आहेत. ओल लागलेले स्पंज आयर्न आपोआप तापू लागते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. विजेच्या भट्टीत ओले भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा पडला की आतील पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन वितळलेले लोखंड बाहेर उसळते. भंगार निवडणाऱ्या स्त्री-पुरुषांना हे कोणी सांगितले आहे काय?

प्रशिक्षण होते, असा मालकांचा दावा असतो. दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो, फलक लागतात, शपथ घेतली जाते, घोषवाक्यांना बक्षिसे मिळतात. नव्या मजुराला एक शिरस्त्राण देऊन नोंदवहीवर त्याचा अंगठा घेतला की कागदोपत्री तो 'प्रशिक्षित' होतो; आणि दुर्घटना घडली की तीच नोंदवही पुढे करून 'कामगाराचा निष्काळजीपणा' सिद्ध केला जातो. पिंपावरची चिठ्ठी आणि रसायनाचे माहितीपत्रक इंग्रजीत असते. ते कार्यालयाच्या कपाटात बंद असते. छत्तीसगढी किंवा ओडिया बोलणाऱ्या मजुराच्या दृष्टीने असे माहितीपत्रक असून नसल्यासारखेच.

माहितीचा हा हक्क कोठेही मालकवर्गाने राजीखुशीने दिलेला नाही. भांडवलशाहीचा बालेकिल्ला असलेल्या अमेरिकेतही 'जाणण्याचा हक्क' ही घोषणा कामगार संघटनांनी दिली. 1981 मध्ये फिलाडेल्फिया शहराला तसा नियम करावा लागला आणि 1983 मध्ये देशव्यापी मानक निघाले. भारतात त्यासाठी भोपाळची आहुती पडावी लागली. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या त्या काळरात्री आपण कोणते विष हुंगत आहोत, हे मरणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ते कळू दिले गेले नाही. त्यानंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्यांची सर्व माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले. माहिती व प्रशिक्षण मिळविणे हा कामगाराचा हक्क ठरला. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती सक्तीची झाली.

हे कायदे बव्हंशी कागदावरच राहिले, हे खरे. पण लढणाऱ्याच्या हाती ते एक हत्यार होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ते बोथट केले आहे. माहिती मागण्याचा हक्क शब्दांत उरला आहे; परंतु सुरक्षा समिती आता सरकारने आदेश काढला तर अस्तित्वात येणार. विजेवर चालणारा कारखाना म्हणजे 10 ऐवजी 20 कामगारांचा, अशी व्याख्या झाली. निरीक्षकाला 'सुविधाकर्ता' ही जोडपदवी मिळाली. सुविधा कोणाची, हे सांगण्याची गरज नाही. 9 जुलै 2025 च्या देशव्यापी संपात केंद्रीय कामगार संघटनांनी या संहितांना विरोध केला, तो केवळ वेतन आणि नोकरीसाठी नव्हता. कामगाराच्या प्राणांचा प्रश्नही त्यात होता.

हा प्रश्न मराठी कामगाराला परका नाही. डोंबिवलीत 26 मे 2016 आणि पुन्हा 23 मे 2024 रोजी रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा कारखान्यात कोणते रसायन साठविले आहे, याचा पत्ता शेजारच्या वस्तीलाही नव्हता. सिलतरा असो की डोंबिवली, अज्ञानाचे लाभार्थी तेच आणि बळीही तेच.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक कामगाराला, तो कायम असो वा कंत्राटी, कामावर चढण्यापूर्वी त्याच्या भाषेत आणि पगारी वेळेत प्रशिक्षण मिळावे. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्रे व प्रात्यक्षिके असावीत. बंद टाकीत किंवा वायुवाहिनीवर काम सुरू करण्यापूर्वी हवेच्या तपासणीचा आकडा कामगार प्रतिनिधीला दाखवून त्याची सही घेतली जावी. धोका दिसताच काम थांबविणाऱ्याची मजुरी कापली जाऊ नये. ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला सुटता येऊ नये. कामगारांनी निवडलेली सुरक्षा समिती प्रत्येक धोकादायक कारखान्यात सक्तीने असावी, आणि चौकशी अहवाल प्रसिद्ध व्हावेत.

मात्र सरकारच्या आदेशाची वाट पाहत बसणे युनियनांना परवडणारे नाही. बोनस आणि महागाई भत्ता यांच्या वाटाघाटींत सुरक्षेचे कलम शेवटच्या पानावर ढकलले जाते, ही उणीव चळवळीने भरून काढली पाहिजे. कायम कामगाराने आपले ज्ञान कंत्राटी सोबत्याच्या हाती दिले पाहिजे. कोणत्या नळात काय वाहते, हे जुन्या जाणत्या कामगाराइतके चांगले कोण सांगू शकेल? प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर, प्रत्येक कामगार वस्तीत असे अभ्यासवर्ग निघावेत. त्यातून वाचलेला एक जीव हे मोलाचे यश आहेच. शिवाय कायम व कंत्राटी अशी मालकाने उभी केलेली भिंत तेथेच ढासळू लागेल. ज्या कामगाराला आपल्या कामातील धोका कळला, तो मुकाट्याने मरणाच्या टाकीत उतरत नाही. तो आधी प्रश्न विचारतो. त्या प्रश्नामागे साऱ्या कारखान्याचा आवाज उभा करणे हे आज संघटित कामगार वर्गाचे कर्तव्य आहे.